रिझर्वेशन शोधायला गेली आणि आरक्षण सापडलं

जुलैचा दुसरा आठवडा, पाऊस असा की खिडक्या बंद ठेवूनही रीडिंग हॉलची टेबलं हाताला ओलसर लागत होती, आणि एक मुलगी काउंटरवर येऊन म्हणाली, ‘सर, मानवी हक्कांवर पुस्तक आहे?’ मी म्हटलं आहेत की, भरपूर आहेत. कॅटलॉग बघितला, तीन पुस्तकं काढून दिली, रजिस्टरवर सही घेतली, विषय संपला. माझं चुकलं ते इथंच, पण कळायला तीन दिवस गेले.

लायब्ररी गोव्यातल्या एका लॉ कॉलेजची, नाव लिहीत नाही. मी तिथं असिस्टंट, म्हणजे काउंटर, कॅटलॉग, झेरॉक्सची वही आणि वाळवी हे सगळं माझ्याकडे. मुलगी वाळपयची, रोज कदंबाच्या बसने ये-जा, शाळा मराठीतून झालेली, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. सेमिनार पेपर द्यायचा होता आणि हातात दहा दिवस. त्यातले तीन मी असे घालवले.

तीन दिवसांनी ती पुस्तकं घेऊन परत आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, ‘सर, तिन्हीत सेमच आहे.’ आणि खरंच सेम होतं. मॅग्ना कार्टा, मग संयुक्त राष्ट्रांचा १९४८चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, मग त्यांचेच १९६६चे दोन करार, मग आपला १९९३चा मानवी हक्क कायदा आणि आयोग, शेवटी परिशिष्टात करारांचा मजकूर. परीक्षेला बरी पुस्तकं, पण पेपर लिहायला ह्यातून काही निघत नाही.

मग मी ते विचारलं जे पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. म्हटलं, बाय, विषय नक्की काय दिलाय, तो कागद दाखव. तिने वहीचं मागचं पान उघडलं. प्राध्यापकांनी विषय इंग्रजीत दिलेला, चांगला दोन ओळींचा, पण तिने त्याच्याखाली आपल्या शब्दांत लिहिलं होतं: ‘पोलिसांनी एखाद्याला बेकायदेशीर धरलं, दोन दिवस आत ठेवलं आणि मग सोडून दिलं, तर त्याला भरपाई मिळते का? करार काय म्हणतो, भारत काय म्हणतो?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी समोर असता तर मी ती तीन पुस्तकं कपाटातून काढलीच नसती. आमच्याकडे येणारी पोरं प्रश्न घेऊन येतात पण काउंटरवर पोचेपर्यंत त्याचा विषय करून टाकतात, त्यांना वाटतं लायब्ररीत विषयच मागायचा असतो, आणि आम्हालाही विषय मिळाला की बरं वाटतं कारण विषयाला नंबर असतो.

आता त्या नंबरांचं सांगतो. आमच्याकडे ड्युई पद्धत. ‘मानवी हक्क’ म्हटलं की ३४१.४८, आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पोटात. पण ह्या मुलीच्या प्रश्नाची पुस्तकं तिथं फारशी नाहीतच. घटनेतले मूलभूत हक्क ३४२ मध्ये. अटक, कोठडी, फौजदारी प्रक्रिया ३४५ मध्ये. नुकसानभरपाई म्हणजे टॉर्ट, ते ३४६.०३. पोलिसांवरची पुस्तकं ३६३.२, तुरुंगावरची ३६५, आणि नागरी हक्क ३२३, जे आमच्याकडे राज्यशास्त्राबरोबर पलीकडच्या खोलीत, जिथं कायद्याची मुलं सहसा फिरकत नाहीत. एकच प्रश्न आणि त्याला सहा-सात घरं. चुकी ड्युईची नाही, पुस्तक शेवटी एकाच जागी ठेवता येतं. पण ३४१.४८ समोर उभं राहून ‘आमच्याकडे एवढंच आहे’ असं जे आम्ही सांगतो ते खोटं असतं, आणि मी ते बरीच वर्षं सांगत आलोय.

कॅटलॉगमध्ये शब्द बदलून बघायला लावलं. ‘ह्युमन राइट्स’ टाकलं की आंतरराष्ट्रीय पुस्तकं येतात, ‘सिव्हिल राइट्स’ टाकलं की देशांतर्गत, कारण विषय-मथळे देताना हे दोन वेगळे धरतात. मराठीत तर आणखी मजा. कुठे ‘मानवी हक्क’, कुठे ‘मानवाधिकार’, कुठे ‘मानव अधिकार’ दोन शब्दांत, आणि एकीच्या नोंदी दुसरीत दिसत नाहीत. नोंदी करणारे आम्हीच, तेव्हा कोणाला बोलणार.

त्या दिवशी ती पलीकडच्या खोलीत गेली, आणि अर्ध्या तासाने पुस्तकांचा ढीग छातीशी धरून आली, चेहरा एकदम खूश. मी ढीग बघितला. मंडल आयोग. इंद्रा साहनी खटल्यावर दोन पुस्तकं. मागासवर्गीय आणि नोकऱ्या. म्हटलं, हे कशाला? म्हणाली, ‘सर, प्रोफेसर म्हणाले भारताने आर्टिकल नाइनला रिझर्वेशन ठेवलंय ते बघ, मी कॅटलॉगवर इंडिया आणि रिझर्वेशन टाकलं.’

मला हसू आलं पण हसलो नाही, कारण तिचं चुकलं काय? ह्या देशात रिझर्वेशन म्हटलं की कोटा, ट्रेनचं तिकीट, फार तर हॉटेलचं टेबल. करारात रिझर्वेशन म्हणजे देश सही करताना सांगतो की बाकी सगळं मान्य पण ह्या कलमाला आम्ही ह्या मर्यादेतच बांधील. घर भाड्याने देताना ‘माडी सोडून’ म्हणतात ना, तसं. हे कॅटलॉगला कळत नाही, कॅटलॉगला अक्षरं कळतात. आणि त्यात आणखी एक गाठ होती: भारताने आपल्या त्या मजकुराला रिझर्वेशन म्हटलेलंच नाही, ‘डिक्लरेशन’ म्हटलंय. म्हणजे बरोबर शब्द घेऊन शोधणाराही चुकीचाच शब्द घेऊन शोधत होता.

हा मजकूर कुठल्या पाठ्यपुस्तकाच्या परिशिष्टात तिला मिळाला नाही. तिन्ही पुस्तकांत नागरी आणि राजकीय हक्कांचा करार अख्खा छापलेला, ५३ कलमं, नवव्या कलमाचं पाचवं पोटकलम पण आहे: बेकायदेशीर अटक किंवा स्थानबद्धता भोगलेल्या कोणालाही भरपाईचा अंमलात आणता येईल असा हक्क राहील. वाचलं की वाटतं झालं, हक्क आहे, पेपर संपला. पण करार वाचून देश काय करतो ते कळत नाही. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचं करारांचं जे संकलन आहे, फुकट आहे, त्यातलं चौथं प्रकरण मानवी हक्कांचं, आणि त्यात चौथ्या नंबरला हा करार. पान उघडलं की आधी देशांची यादी येते, कोणी कधी सही केली, कोणी कधी मान्यता दिली. भारतासमोर १० एप्रिल १९७९. बहुतेक पोरं इथंच थांबतात, तारीख उतरवून घेतात आणि जातात. खाली जायचं, बरंच खाली, देशांची नावं अकारविल्हे येतात तिथपर्यंत.

भारताच्या निवेदनात नवव्या कलमाबद्दल दोन गोष्टी आहेत. पहिली, हे कलम आपल्या घटनेच्या अनुच्छेद २२च्या खंड ३ ते ७ शी जुळेल असंच लागू होईल, म्हणजे प्रतिबंधक स्थानबद्धतेची, गुन्हा घडायच्या आधीच माणसाला डांबून ठेवण्याची, सोय शाबूत. दुसरी म्हणजे भारतीय कायद्यात बेकायदेशीर अटक झाली म्हणणाऱ्याला सरकारविरुद्ध भरपाईचा अंमलात आणता येईल असा हक्क नाही. सरळ, स्पष्ट, मागेपुढे न बघता लिहिलंय. मुलगी ते स्क्रीनवर दोनदा वाचून म्हणाली, ‘म्हणजे नाहीच मिळत?’ मी म्हटलं, हे १९७९चं आहे, पुढे कोर्टात काय झालं ते बघ.

कोर्टाचं काम मात्र मला आवडतं, कारण ते आमच्या बाइंड केलेल्या खंडांमधून होतं. प्राध्यापकांनी तिला डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य एवढं नाव दिलं होतं आणि म्हटलं होतं १९९६चा निकाल. ती १९९६चे सगळे खंड उतरवून बसली, एआयआरचे आणि एससीसीचे (कोर्टाचे निकाल छापणारी ही नियतकालिकं, आम्ही त्यांना रिपोर्टर म्हणतो), सूची बघितली, नाही. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, आपल्याकडे हा नाहीये. निकाल दिला १८ डिसेंबर १९९६ला, छापून आला १९९७च्या खंडांत. एससीसीत १९९७चा पहिला खंड, पान ४१६, एआयआरमध्ये १९९७, सुप्रीम कोर्ट विभाग, पान ६१०. डिसेंबरातले निकाल असेच पुढच्या वर्षात सापडतात, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत, रॅकसमोर उभं राहून एकदा फसल्याशिवाय कळत नाही.

एआयआर १९९७ काढला तर पावसाने खालची दहा-पंधरा पानं एकमेकांना चिकटलेली. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतो आम्ही, सिलिका जेलच्या पुड्या पण ठेवतो, पण जून ते सप्टेंबर इथला दमटपणा काय असतो ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. पानं जोरात ओढली तर छपाई दुसऱ्या पानावर येते. स्टीलची पट्टी घालून हळूहळू सोडवली, पंख्याखाली उघडा ठेवला, आणि तोवर आमच्या अटेंडंट मामांनी तिला एससीसीचा खंड आणून दिला, तो वरच्या फळीवर असल्यामुळे वाचला होता.

त्या निकालाची सुरुवातच वाचण्यासारखी आहे. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेच्या कार्याध्यक्षांनी ऑगस्ट १९८६ला सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्यांकडे लक्ष वेधून, आणि कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. अटकेच्या वेळी पाळायच्या अकरा गोष्टी ज्या सगळ्यांना पाठ असतात त्या ह्याच निकालातल्या, आणि पोरं तिथंच थांबतात. तिला पाहिजे होतं ते भरपाईच्या चर्चेत. न्यायमूर्ती आनंद यांनी तिथं कराराचं नऊ-पाच, म्हणजे नवव्या कलमाचं ते पाचवं पोटकलम घेतलंय, भारताने १९७९च्या निवेदनात ठेवलेली हरकत विचारात घेतलीय, आणि म्हटलंय की ह्या कोर्टाने भरपाई देणारे इतके निकाल दिल्यावर त्या हरकतीला आता अर्थ उरलेला नाही. तिने पेन्सिल मागितली. मी दिली नाही, खंडावर खुणा करू देत नाही, चिठ्ठी दिली.

त्या परिच्छेदावरून मागे मागे जायला मी सांगितलं, आणि माझ्या मते अशा प्रश्नात हीच वाट. पुस्तकाकडून निकालाकडे जाऊ नका, निकालाच्या परिच्छेदाकडून मागे जा, कारण न्यायाधीशाने कशाचा आधार घेतला ते तिथंच लिहिलेलं असतं. मागे गेली तशी नीलाबती बेहेरा १९९३, ओडिशातल्या कोठडीत मुलगा गमावलेली आई, भरपाई दीड लाख, आणि तिथंही कोर्टाने नऊ-पाचचा उल्लेख केलाय. त्याच्याही मागे रुदुल साह, १९८३, निर्दोष सुटल्यावरही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षं, कोर्टाने राज्याने आधी दिलेल्या पाच हजारांवर आणखी तीस हजार द्यायला लावले. चौदा वर्षांचे तीस हजार. तिने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दिवसाचे किती पडतात ते काढलं, सहा रुपयांच्या जरा खाली आलं, मग काही बोलली नाही.

एक गोष्ट तिने चुकीची उतरवून घेतली होती आणि ती सगळेच घेतात. हेडनोट. निकालाच्या आधी बारीक अक्षरात जो सारांश असतो तो रिपोर्टरच्या संपादकांनी लिहिलेला असतो, न्यायाधीशाने नाही, आणि पेपरमध्ये ‘सुप्रीम कोर्टाने म्हटलंय’ करून तोच टाकतात. मी तिला निकालाच्या मजकुरात बोट ठेवून तेच वाक्य शोधायला लावलं, सापडलं नाही, मग पटलं. परिच्छेदांचे नंबरही एआयआर आणि एससीसीत नेहमी जुळतात असं नाही, तेव्हा ज्या रिपोर्टरमधून घेतलं त्याचाच नंबर द्यायचा.

डेटाबेसबद्दल फार लिहीत नाही. पैसे भरून घेतलेला एक आहे, तो कॉलेजच्या नेटवर्कवरच चालतो, आणि ज्या दिवशी तिला पाहिजे होता त्या दिवशी लाइट गेली, इन्व्हर्टरवर काउंटरचा एकच कॉम्प्युटर. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत रिपोर्ट जानेवारी २०२३पासून ई-एससीआर नावाने फुकट आहेत, ते तिने बसमधून मोबाइलवर वाचले. इंडियन कानून ही वेबसाइट निकाल शोधायला उत्तम, मी पण तीच वापरतो, पण पेपरात साइटेशन, म्हणजे खंड-पानाचा संदर्भ, रिपोर्टरचं द्यावं.

उरली संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रं आणि इथं परत एक खड्डा. करार राबवला जातो का ते बघणारी मानवी हक्क समिती आहे, तिने नवव्या कलमावर २०१४ला सामान्य टिप्पणी ३५ काढली, नऊ-पाचचा अर्थ काय तो तिच्यात आहे. ह्या कागदांना चिन्हं असतात, गाडीच्या नंबर प्लेटसारखी. जीए ०३ दिसलं की आपण म्हणतो म्हापशाची गाडी, तसं सीसीपीआर/सी/जीसी/३५ म्हणजे ह्या करारावरची, समितीची, सामान्य टिप्पणी, पस्तिसावी. आणि सीसीपीआर/सी/आयएनडी/सीओ/४ म्हणजे भारतावरची समितीची निरीक्षणं, भारताने दिलेल्या चौथ्या अहवालावरची, २०२४ची. तिने हुशारी केली, त्याच पद्धतीने शेवटी तीन टाकून आधीची शोधायला गेली आणि काहीच मिळेना. कारण तिसऱ्या अहवालावरची निरीक्षणं १९९७ची, आणि तेव्हाची चिन्हं जुन्या पद्धतीची: सीसीपीआर/सी/७९/ॲड.८१. त्यात देशाचं नावच नाही. हे मला माहीत होतं असं नाही, आमच्या लायब्ररियन मॅडमना माहीत होतं. १९९७च्या त्या कागदात समितीने भारताला ह्या हरकती मागे घेण्याच्या दृष्टीने परत तपासायला सांगितलेलं आहे. तारखा बघून तिने विचारलं, १९९७नंतर एकदम २०२४? हो, मधली सत्तावीस वर्षं भारताचा आढावा ह्या समितीपुढे झालाच नाही. पेपरमधला सगळ्यात चांगला परिच्छेद तिने ह्यावर लिहिला आणि तो कुठल्या पुस्तकात नव्हता.

राज्य मानवी हक्क आयोगाचं पण तिने विचारलं, पणजीत आहेच. कायदा १९९३चा काढून दाखवला. कलम २ मधली व्याख्या आधी वाचायला लावली, कारण मानवी हक्क म्हणजे घटनेने हमी दिलेले किंवा करारांत असलेले आणि ‘भारतातल्या कोर्टांत अंमलात आणता येतील’ असे, शेवटचे शब्द तिच्या प्रश्नाच्या नेमके मध्यात बसतात. मग कलम १८, आयोग भरपाईची शिफारस करू शकतो, शब्द शिफारस आहे. आणि कलम ३६, प्रकार घडल्याला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. एवढं अर्ध्या तासात झालं, बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराचं पुस्तक, पातळ असतो.

पेपर तिने वेळेत दिला. सेमिनारला मी मागे उभा होतो, प्रोजेक्टरची वायर सांभाळायला. प्राध्यापकांनी विचारलं, मग ती हरकत आज आहे की नाही? ती जराशी अडखळली आणि म्हणाली, ‘सर, संयुक्त राष्ट्रांच्या त्या यादीत आहे, सरकारने मागे घेतलेली नाही. कोर्ट म्हणतं तिला अर्थ नाही. म्हणून माणसाला भरपाई मिळू शकते, पण करारामुळे नाही, घटनेतल्या जगण्याच्या हक्कामुळे, अनुच्छेद २१मुळे.’ प्राध्यापकांनी पुढचा प्रश्न विचारला, म्हणजे पटलं असावं.

एक काम राहिलं होतं ते नंतर केलं. घरी वडिलांना समजावून सांगायला तिला नऊ-पाच मराठीत पाहिजे होतं. १९४८च्या जाहीरनाम्याचं मराठी भाषांतर संयुक्त राष्ट्रांच्या साइटवर मिळालं, पण कराराचं मराठी आमच्या कपाटात नव्हतं, तेव्हा आम्ही दोघं काउंटरवर बसून एक वाक्य करत बसलो. इंग्रजीतल्या त्या ‘एन्फोर्सेबल’वर गाडी अडली. मी म्हटलं ‘अंमलबजावणीयोग्य’. ती म्हणाली, सर, हे माझ्या पप्पांना सरकारी नोटिशीसारखं वाटेल. मॅडम जाता जाता म्हणाल्या ‘बजावता येण्याजोगा’, तेही नको. मग तिने जुन्या कॅटलॉग कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ‘ज्याला बेकायदा धरलं किंवा डांबलं, त्याला भरपाई मागायचा हक्क आहे, आणि नाही दिली तर कोर्टातून वसूल करता येईल असा.’ ते कार्ड मी ३४१.४८च्या फळीला आतून चिकटवलंय, टेप पावसाने सुटते, दोनदा बदलली.